पॅप स्मिअरमध्ये 'एएससी-यूएस' आणि ट्रायकोमोनास दोन्ही : एचपीव्ही टेस्ट आत्ताच करावी का?

मदत हवी आहे. वय ३८, दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी. डायबेटिस नाही, गरोदर नाही. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणाऱ्या विषाणूची) लस घेतलेली नाही. आधीचा पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) २०१९ चा, तो नॉर्मल होता.

दोन महिने पिवळट, फेसाळ, वास येणारं पांढरं जात होतं. मेडिकलमधून आणलेल्या बुरशीच्या गोळ्या आत ठेवून पाहिल्या, काही फरक नाही. (तेव्हाच डॉक्टरांकडे जायला हवं होतं.) मग पॅप केला. रिपोर्टमध्ये तीन ओळी : 'तीव्र दाह', 'ट्रायकोमोनास दिसले' (संबंधांतून पसरणारा परजीवी) आणि 'एएससी-यूएस', म्हणजे पेशींमध्ये किरकोळ बदल, पण नक्की कशामुळे ते सांगता येत नाही. मेट्रोनिडाझोल ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, सात दिवस, नवऱ्यानेही घेतलं. तो बराच कुरकुरला, पण कोर्स पूर्ण केला. आता स्राव थांबलाय. संबंधांनंतर रक्त जात नाही.

डॉक्टर म्हणाल्या, दाहामुळेही पेशी अशा दिसू शकतात. कॅन्सरचा खरा धोका एचपीव्ही शरीरात टिकून राहिला तर, विशेषतः १६ आणि १८ हे प्रकार. हे पटलं. पण माझा नमुना काचपट्टीवरचा, त्यावर एचपीव्ही होणार नाही, नवा द्यावा लागेल. तालुक्याला सोय नाही, लातूरला जावं लागतं, त्यामुळे एकाच फेरीत उरकायचंय.

इथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा यातून गेलेल्यांना विचारते : इन्फेक्शन नुकतंच बरं झालेलं असताना एचपीव्ही टेस्ट लगेच केली तर निकाल भरवशाचा येतो का, की थांबून पॅप आणि एचपीव्ही एकत्रच करावं? थांबायचं तर किती महिने?