चहाच्या दुकानात चिनी डोंगर-पाणी आणायचंय, पण सगळं वॉलपेपरसारखं दिसतंय

शांघायची पुणेकरीण
नमस्कार मंडळी, मी शांघायमधे एका इंटिरियरवाल्या ऑफिसात ज्युनियर आहे. सूजौमधल्या एका चहाच्या दुकानाचं काम आलंय, गाळा लांबुळका, ५ मीटर रुंद आणि १८ मीटर खोल. क्लायंटला शानश्वे पाहिजे, म्हणजे त्यांची जुनी निसर्गचित्रं, शब्दशः डोंगर-पाणी. मी मागच्या भिंतीवर एमडीएफचे (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) सीएनसीने, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने कापलेले डोंगर लावले, एकामागे एक पाच थर, मधून निळसर एलईडी पट्टी आणि दारापाशी धुक्याचं मशीन. कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, म्हणजे रेंडर, काय झकास आला होता सांगू! सरांनी बघितला आणि एवढंच विचारलं, "यात मी चालायचं कुठे?" मला वाटलं पॅसेज कमी पडतोय म्हणून तो रुंद करून दिला तर ते हसले आणि निघून गेले. कोणी सांगेल का त्यांना नक्की काय पाहिजे?

शाईचा डाग
ताई, सरांनी पॅसेजचं विचारलंच नाहीये. ग्वो शी नावाचा सोंग काळातला चित्रकार होता, त्याचं १०७२ चं 'वसंताची चाहूल' तैपेच्या राजवाडा संग्रहालयात आहे. त्याचं म्हणणं असं की काही निसर्गचित्रांत नुसतं चालता येतं, काहींत लांबवर बघता येतं, काहींत भटकता येतं आणि काहींत राहता येतं, आणि शेवटची दोन खरी. सरांचा प्रश्न तिथून आलाय बघा.

दुसरं म्हणजे गुंडाळीवरची लांब चित्रं. वांग शीमंगचं १११३ चं नद्या-डोंगरांचं चित्र जवळजवळ १२ मीटर लांब आहे आणि उंची जेमतेम अर्धा मीटर. अशी गुंडाळी उजवीकडून हातभर उघडायची, बघायची, मागचं गुंडाळत पुढे जायचं, सगळं एकदम दिसतच नाही. तुमचा १८ मीटरचा गाळा म्हणजे आयती गुंडाळी आणि तुम्ही तिच्या टोकाला एक पोस्टर चिकटवलंत, दारातूनच सगळं दिसलं मग आत यायचं कशाला?

अजून एक, लिऊबाई. हसू नका, कोणी बाई नाही ती, कागद मुद्दाम कोरा सोडायचा त्याला लिऊबाई म्हणतात. धुकं, पाणी, आकाश सगळं त्या कोऱ्यातच असतं, रंगवत नाहीत. तुम्ही धुकं मशीनने आणलंत 😄

गल्ल्यावरचा
आधी ते मशीन काढा हो! चहाच्या दुकानात धुकं? सुकी पत्ती ओल आणि वास दोन्ही ओढते, आठ दिवसांत सगळ्या डब्यांना कुबट वास मारेल.

आणि लिऊबाई वगैरे छान आहे पण भाडं कोऱ्या जागेचंही द्यावं लागतं, तेव्हा कोरं सोडायचं तर डोक्याच्या वर सोडा. माल कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, जादा स्टॉक खाली ड्रॉवरमधे, वर भिंत मोकळी, एक रॅक नाही की एक फ्रेम नाही. मी एकदा हौसेने पांढरा चुन्याचा गिलावा खालपर्यंत आणला होता, महिन्याभरात दीड फुटापर्यंत पिशव्यांचे आणि बुटांचे ओरखडे, क्लायंटचे फोनवर फोन. खाली राखाडी दगड किंवा मायक्रोसिमेंट (सिमेंटचा पातळ लेप) घ्या, वर फिकं होत जाऊ द्या, चित्रातही जवळचं गडद आणि लांबचं धुक्यात फिकं असतंच की. निळी एलईडी तर अजिबात नको, पत्ती मेल्यासारखी दिसते, ३००० केल्व्हिनच्या आसपासचा उबदार लाइट आणि सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, जास्तीत जास्त १००) ९० च्या वर ठेवा.

नुसतीच फिरणारी
मी डिझाइनर नाही, सूजौ फिरून आलेय एवढंच. साइट सूजौतच आहे तर रेंडर बंद करा आणि लिऊ युआन बागेत जा. आत शिरताना आधी अरुंद, अंधारी बोळ लागते, वळणावळणाची, मधेच एखाद्या जाळीच्या खिडकीतून पलीकडचं हिरवं जरासं दिसतं आणि गायब होतं. मग एकदम तळं समोर! बाग काही फार मोठी नाही पण त्या बोळीमुळे मोठी वाटते.

तिथून सूजौ म्युझियम, आर्किटेक्ट आय. एम. पेईंचं, २००६ चं. अंगणात पाण्याच्या कडेला पातळ चिरलेले दगड ओळीने उभे केलेत आणि मागे कोरी पांढरी भिंत, बास. म्हणे 'मी फू' नावाच्या सोंग काळातल्या चित्रकाराच्या चित्रांवरून सुचलं. मी गेले तेव्हा पाऊस भुरभुरत होता, पुढचे दगड भिजून काळे पडलेले आणि मागचे भिंतीत विरघळल्यासारखे, मी अर्धा तास तिथेच आणि नवरा कॅफेत.

शाईचा डाग
+१. आणि पाणी पाहिजेच असेल तर सिचुआनमधल्या दुजियांगयानचं झोंगशुगे नावाचं पुस्तकांचं दुकान बघा, फरशी काळी चकचकीत, छत आरशाचं, त्यामुळे फरशीत तळ्यासारखं प्रतिबिंब दिसतं. पण तिथे छत उंच आहे, तुमच्या ५ मीटर रुंदीत आरसा लावलात तर सलून वाटेल.

शांघायची पुणेकरीण
सगळ्यांचे आभार, लिऊ युआनला शनिवारी जाऊन आले. डोंगर काढले सगळे 😭 आता दारातून आत आलं की ४ मीटर बोळ, छत २.२ मीटरवर आणलंय, भिंत गडद राखाडी, वळणावर एक भोक, त्यातून आतली चहा ओतायची जागा दिसते, फक्त ओतणाऱ्याचे हात आणि किटली. वळलं की छत एकदम उंच आणि वरची भिंत कोरी. एका राखाडीच्या पाच छटा घेतल्यात, बाकी रंग पत्तीचा.

काल थर्माकोलचं मॉडेल सरांच्या टेबलावर ठेवलं. काही न बोलता त्यांनी दोन बोटं दारातून आत घातली, बोळीतून चालवली, भोकापाशी थांबवली, वळवली आणि मग म्हणाले, "बरं, आणि गल्ला कुठे?"

गल्ल्यावरचे दादा, तो कुठे ठेवू?