एकच टीव्ही, ३८ मुलं आणि वर्गात रेंज नाही: आठवीच्या विज्ञानाला डिजिटल साधनं नेमकी कशी वापरायची?

आठवी_विज्ञान

नमस्कार. जिल्हा परिषदेची शाळा, आठवीचा पट ३८. लोकसहभागातून ४३ इंची अँड्रॉइड टीव्ही आणि एक जुना लॅपटॉप मिळाला आहे. वर्ग २० बाय २५ फूट, टीव्ही फळ्याशेजारी २० फुटी भिंतीवर. मोबाइलची रेंज गेटापाशी येते, वर्गात नाही. दुपारून वीज जाते.

पुढचा पाठ धाराविद्युतचा आहे. व्हिडिओ लावला की मुलं शांतपणे बघतात, पण लगेच त्यावर प्रश्न विचारला तर हात वर होत नाहीत. नेट नसताना काय काय वापरता येईल, आणि ३५ मिनिटांच्या तासिकेत ते कसं बसवायचं, हे कुणी नीट सांगेल का? पीपीटी केली की टीव्हीवर मराठी अक्षरं फुटतात, तेही विचारायचं होतं.

पाटीपेन्सिल

मॅडम, आधी बसण्याची जागा बदला, बाकीचं नंतर. पडद्यावरचा मजकूर वाचायचा असेल तर शेवटचं मूल पडद्याच्या उंचीच्या सहापटीपेक्षा लांब नसावं, असा ढोबळ नियम आहे. ४३ इंची टीव्हीची उंची साधारण ५३ सेंमी. म्हणजे अंतर झालं ३.२ मीटर, जेमतेम साडेदहा फूट. तुमचा शेवटचा बाक २० फुटांपलीकडे आहे. तिथलं मूल शांत बसतं ते दिसत नाही म्हणून, समजलं म्हणून नव्हे.

टीव्हीच्या वेळी पुढचे बाक मागे सरकवा आणि सगळ्यांना सतरंजीवर अर्धवर्तुळात बसवा. टीव्हीची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी आड येतात. समोर खिडकी असेल तर काचेवर उजेड चमकतो. पडदा लावा किंवा टीव्ही थोडा खाली झुकवा.

आवाजाकडे कुणी लक्ष देत नाही. या टीव्हीचे स्पीकर बहुतेक खाली किंवा भिंतीकडे तोंड करून असतात, त्यात वर पंखा चालू. हेडफोनच्या छिद्रातून बाहेरचे साधे दोन स्पीकर जोडा आणि मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा.

व्हिडिओबद्दल एकच सांगते. सलग सहा-सात मिनिटं लावू नका. दोन मिनिटांवर थांबवा आणि "आता पुढे काय होईल?" हे वहीत एका ओळीत लिहायला लावा. लिहून झाल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकदा लिहिलं की मूल स्वतःचं उत्तर बरोबर आलं का ते बघायला पुढचा भाग बघतं. व्हिडिओ कुठे थांबवायचा ती मिनिटं-सेकंद टाचणात आधीच लिहून ठेवा, वर्गात शोधत बसू नका.

तारजोडणी

धाराविद्युतसाठी व्हिडिओपेक्षा सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः जोडून बघायचा प्रयोग, कितीतरी चांगलं, कारण त्यात मुलं चूक करून बघू शकतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची सिम्युलेशन मोफत आहेत आणि नेटशिवाय चालतात. कृती अशी:

१. रेंज असेल तिथे लॅपटॉपवर फेटच्या संकेतस्थळावर जा, डीसी मंडल जोडणीचं सिम्युलेशन उघडा. त्याच पानावर भाषांतरांची यादी असते. तिथे मराठी शोधा. हवं ते मराठीत सापडलं नाही तर इंग्रजीच घ्या, त्यात वाचायच्या पाट्या मोजक्याच आहेत.

२. डाउनलोडचं चिन्ह दाबलं की एकच एचटीएमएल फाइल उतरते. आकार काही एमबी, पेनड्राइव्हवर सहज मावते.

३. वाय-फाय बंद करा आणि फाइल क्रोममध्ये उघडून बघा. ही चाचणी घरीच करायची. बरेचजण पान 'सेव्ह' करतात, मग वर्गात रिकामी चौकट दिसते. डाउनलोडच्या चिन्हावरूनच घ्यायचं.

४. लॅपटॉप एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावून ही फाइल उघडेल अशी आशा ठेवू नका, टीव्हीचा प्लेअर फक्त व्हिडिओ, फोटो, गाणी ओळखतो. वायर पाच मीटरची पुरे. फार लांब, स्वस्त वायरीत चित्र लुकलुकतं.

आता वर्गातली महत्त्वाची गोष्ट. हे सिम्युलेशन उघडलं की तारेतून निळे इलेक्ट्रॉन धावताना दिसतात. आपल्या पुस्तकातले बाण संकेतानुसार धन टोकाकडून ऋण टोकाकडे असतात. म्हणजे पडद्यावर एक दिशा आणि पुस्तकात उलटी! मुलं गोंधळतात आणि गप्प बसतात. म्हणून सुरुवातीला पडद्यावर उजवीकडच्या चौकटीत धारेची सांकेतिक दिशा निवडा. इलेक्ट्रॉन शेवटच्या पाच मिनिटांत दाखवा आणि दिशा उलटी का, ते तेव्हा बोला.

बॅटरी आधीच ९ व्होल्टची असते, दिवा १० ओहमचा. आकडे पाटीवर आधी काढून घ्या. एक दिवा: ०.९ अँपिअर. दोन दिवे एकसर जोडणीत: ०.४५. दोन दिवे समांतर: प्रत्येकातून ०.९ आणि बॅटरीतून १.८. मुलांनी आकडा काढायचा, मगच अमीटर (धारा मोजायचं साधन) लावायचा. अमीटर दोन प्रकारचे आहेत. एक भिंगासारखा, तारेवर नुसता धरला की आकडा दाखवतो. तो पहिल्या दिवशी वापरू नका. खरा अमीटर मंडल तोडून एकसरीत जोडावा लागतो, आणि परीक्षेत नेमकं तेच विचारतात. फेटचीच 'व्हर्च्युअल लॅब' नावाची दुसरी आवृत्ती आहे, तिच्यात भिंगवाला अमीटर नाही. तीच उतरवलीत तर प्रश्नच मिटला.

माऊस तुमच्या हातात नको. एक मूल माऊसवर, वर्ग तोंडी सूचना देणार: "तारेचं डावं टोक दिव्याच्या तळाला लाव." दर तीन मिनिटांनी मूल बदला. सूचना नेमकी देता आली नाही तर जोडणी चुकते, आणि त्यातूनच शब्द पक्के होतात.

एक कळकळीची विनंती. सिम्युलेशनमध्ये शॉर्टसर्किट केलं की बॅटरीवर ज्वाळा दिसतात आणि मुलांना फार मजा वाटते. मोबाइलच्या बॅटरीवर किंवा घरच्या बोर्डावर हे करून बघायचं नाही, हे त्याच क्षणी सांगा, दुसऱ्या दिवशी नको.

आणि खरं मंडल आधी, पडदा नंतर. १.५ व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा २.५ व्होल्टचा दिवा, वायरचे तुकडे, गटाला एक संच. एका सेलवर एलईडी लावून "पेटत नाही" अशी तक्रार येते. बहुतेक एलईडींना सुमारे २ व्होल्ट किंवा जास्त लागतात आणि पाय उलटे लागले तरी ते पेटत नाहीत. खऱ्या मंडलातले आकडे पडद्याइतके नेटके येणार नाहीत: सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो, आणि दिव्याची तार तापली की तिचा रोध वाढतो. दोन्हींत फरक का पडला, हा प्रश्न म्हणजे अख्खी एक तासिका आहे.

हजेरीपट

हात वर होत नाहीत त्यावर प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक मुलाला कागदावर छापलेलं एक कार्ड, चार बाजूंना चार पर्याय. मूल आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरतं, शिक्षक फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात, सगळ्यांची उत्तरं नावानिशी येतात. ४० कार्डांचा संच मोफत छापता येतो, तुमच्या पटाला पुरतो. पातळ कागद वाकतो, म्हणून पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन नको, उजेड परावर्तित होऊन कॅमेरा वाचत नाही. काळ्या आकृतीवर अंगठा आला तरी कार्ड वाचलं जात नाही.

आठवी_विज्ञान

छान आहे, पण त्याला वर्गात नेट लागेल ना? आमच्याकडे हॉटस्पॉटही गेटापाशीच.

हजेरीपट

हो, लागतं. मग तुमच्यासाठी कागदी घडीचं कार्ड. ए-फोर कागदाचे चार भाग, प्रत्येकात अ, ब, क, ड, चार वेगळ्या रंगांत. घडी घालून फक्त उत्तराचा भाग समोर, छातीशी धरायचा, सगळ्यांनी एकाच खुणेवर. रंग बघून दहा सेकंदांत अंदाज येतो.

खरी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचे पर्याय मुलांच्या डोक्यातल्या चुकांवर बेतलेले हवेत. उदाहरणार्थ: दोन सारखे दिवे एकसर जोडणीत आहेत, पहिल्यातून गेलेली धारा दुसऱ्यात (अ) कमी असते, कारण पहिल्याने थोडी वापरली (ब) तेवढीच असते (क) जास्त असते (ड) शून्य असते. 'अ'चे हात बरेच येतील, तयारी ठेवा. उत्तर सांगू नका. शेजारच्याला दोन मिनिटं पटवून द्यायला सांगा, पुन्हा मत घ्या, मग अमीटर लावा.

देवनागरीटंक

अक्षरं फुटण्याची दोन वेगळी कारणं असतात.

पहिलं: मजकूर श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला. तो आतून इंग्रजी अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो, त्यामुळे तो फाँट नसलेल्या यंत्रावर निरर्थक चिन्हं दिसतात. उपाय एकच, युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामायिक पद्धतीत टंकणे. विंडोज १०च्या २०१९ नंतरच्या आवृत्त्यांत मराठीचा फोनेटिक कीबोर्ड आहे, वेगळं काही विकत घ्यायला नको.

दुसरं: मजकूर युनिकोडच आहे, पण पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर दिसते आणि जोडाक्षरं पाय मोडून सुटी होतात. म्हणजे टीव्हीतल्या पीपीटी दाखवणाऱ्या ॲपला देवनागरी जुळवता येत नाही. फाँट बदलून हे सुटत नाही. लॅपटॉप जोडून दाखवा, किंवा पॉवरपॉइंटमध्ये 'सेव्ह ॲज'मधून स्लाइड जेपीजी चित्रं म्हणून काढा आणि पेनड्राइव्हवर ठेवा. नावं ०१, ०२ अशी द्या. नुसतं १, २ दिलं तर अनेक टीव्ही १ नंतर १० दाखवतात.

अक्षर ४० पॉइंटपेक्षा लहान नको, स्लाइडवर पाच ओळींपेक्षा जास्त नको. अनुस्वार आणि मात्रा आधी दिसेनाशा होतात, मूळ अक्षर नंतर. त्यामुळे इंग्रजी स्लाइडला चालणारा आकार मराठीला चालत नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरीसारखे जाड रेषांचे फाँट घ्या.

दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपबद्दल राहिलंच. पुस्तकातला क्यूआर कोड गेटापाशी किंवा घरी स्कॅन करून घटक डाउनलोड करा. तो फोनच्या गॅलरीत दिसत नाही, ॲपच्या आतच राहतो. म्हणून पेनड्राइव्हवर टाकायचा विचार सोडा, फोनचाच पडदा टीव्हीवर घ्यायला लागेल. स्वस्त फोनच्या टाइप-सी छिद्रातून बहुधा चित्र बाहेर पडत नाही. ॲडाप्टर घेण्याआधी तुमच्या फोनला ती सोय आहे का ते तपासा. स्क्रीन मिररिंग (फोनचा पडदा वायरशिवाय टीव्हीवर दाखवणं) मिराकास्ट पद्धतीचं असेल तर नेटशिवाय चालतं, पण चित्र किंचित मागे राहतं.

आठवी_विज्ञान

सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरी फाइल उतरवून वाय-फाय बंद करून तपासते. पेनड्राइव्हवरचे काही व्हिडिओ टीव्ही दाखवतो, काहींना नुसता आवाज येतो. तो दोष टीव्हीचा का? आणि इन्व्हर्टर घ्यायचा तर केवढा?

तारजोडणी

टीव्हीचा नाही, फाइलच्या कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ ज्या पद्धतीने साठवलाय तिचा. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात एमपीफोर, व्हिडिओ एच.२६४, आवाज एएसी असं निवडून पुन्हा काढा. एवढं बहुतेक सगळे टीव्ही वाचतात. पेनड्राइव्ह फॅट-३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यात जाणार नाही.

इन्व्हर्टरचा हिशोब: टीव्ही साधारण १०० वॅट, लॅपटॉप ५०, मिळून १५०. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. गळती आणि बॅटरी पूर्ण उतरवायची नाही हे धरून निम्मे मोजा, ९००. म्हणजे सुमारे सहा तास, तुमच्या दुपारला भरपूर. प्युअर साइनवेव्ह घ्या. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर स्पीकरमध्ये घुमणारा आवाज येतो, आणि मागच्या रांगेला मग बोलणं ऐकू येत नाही. पंखे त्यावर जोडू नका, तेवढं वायरमनला आधीच सांगून ठेवा.