‘मेड इन’ वाचून चाकू घेणं सोडा

भट्टीवाला (उद्यमबाग)
खिशातल्या परदेशी चाकूच्या पात्यावर कुठल्या देशाचं नाव आहे, याला मी शून्य मार्क देतो. आमच्या वर्कशॉपमध्ये सध्या हाच वाद पेटलाय. एका पोरानं गोव्याच्या बाजारातून लाल मुठीचा, क्रॉसवाला चाकू आणला. निम्मे म्हणतात अस्सल स्विस, निम्मे म्हणतात चायना. चाकू कसा आहे हे मात्र कुणी बघितलंच नाही.

नाव कोरायला काय लागतं? बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेझर मार्किंगवाले ढिगानं आहेत. ‘स्विस मेड’ सोडा, ‘चंद्रावर बनवला’ असंसुद्धा चहा येईपर्यंत कोरून देतील. कोरून मिळत नाही ती हीट ट्रीटमेंट, म्हणजे पोलाद भट्टीत तापवून कडक करायचं काम. लाल चाकूवाल्या स्विस कंपनीचं, व्हिक्टोरिनॉक्सचं, पोलाद म्हणजे काहीतरी दैवी प्रकार, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते १.४११० ग्रेडचं, अर्ध्या टक्क्याच्या आसपास कार्बनचं साधं स्टेनलेस. हार्डनेस ५५-५६ रॉकवेल (कडकपणा मोजायचं माप). कागदावर याहून भारी पोलाद चायनाच्या कितीतरी चाकूंत सापडेल. तरी तो चाकू वर्षानुवर्षं चालतो, कारण पहिलं पातं आणि लाखावं पातं सारखंच कडक निघतं. तेच पोलाद भट्टीत पुरेसं तापलं नाही तर मऊ राहतं आणि धार वळते. टेम्परिंग, म्हणजे नंतर हलकं तापवून ठिसूळपणा घालवणं, चुकवलं तर धारेचे कपचे उडतात. शेवटच्या ग्राइंडिंगला पाणी न सोडता पातं रगडलं, तर टोकाजवळ निळसर झाक येते. तिथली धार मेलेली समजा, पुढं कितीही पाजळा.

म्हणून चाकू हातात घेऊन पातं सावकाश उघडा. पाठीच्या स्प्रिंगचा जोर सगळीकडे सारखा लागला पाहिजे आणि शेवटी पातं खटकन बसलं पाहिजे. मग चाकू उजेडासमोर धरा. स्प्रिंग आणि लायनर (पात्यांच्या मधली पातळ पट्टी) यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसली तर ठेवून द्या परत. उघडलेलं पातं चिमटीत धरून आडवं हलवून बघा. मिटल्यावर ते मधोमध बसतंय का, शेजारच्या पात्याला घासतंय का, तेही बघा. एवढ्यावरून जे कळतं ते देशाच्या नावावरून कळत नाही.

दुकानदार (गणपत गल्ली)
भट्टीवाले, तुमच्याकडे रॉकवेल टेस्टर आहे. माझ्या गिऱ्हाईकाकडे नाही. तो सुट्टीत येतो, पुतण्याला भेट म्हणून चाकू मागतो आणि दहा मिनिटांत जातो. त्यानं स्प्रिंगचा जोर मोजत बसायचं काय?

देशाचं नाव पात्यावर वाचू नका, हे मान्य. खोक्यावर वाचा की. बाहेरून आलेल्या पॅकबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी छापणं लीगल मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे वजन-मापाच्या, नियमानं सक्तीचं आहे. ऑनलाइन विकणाऱ्यालासुद्धा मूळ देश दाखवावा लागतो. जो आपला पत्ता छापतो, त्याला शोधून काढता येतं. गोव्याच्या बाजारात चादरीवर मांडलेल्या चाकवाला खोकंच नसतं, तिथंच निकाल लागला.

आणि नावामागं कायदा असतो ओ. स्वित्झर्लंडमध्ये २०१७ पासून कारखान्याच्या वस्तूला ‘स्विस’ म्हणायचं तर उत्पादन खर्चाचा किमान ६० टक्के भाग तिथं पडायला लागतो. सोलिंगन या चाकूंच्या जर्मन गावाच्या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे. मुख्य काम त्या भागात झालं नसेल तर ते नाव घालता येत नाही. तुमच्या लेझरवाल्याला विचारा, त्याच्यामागं कुठला कायदा उभा आहे?

निपाणीकर
कशाला एवढं डोकं लावूलालाय? लोहचुंबक लावा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर खरं स्टेनलेस, म्हणजे फॉरेनचं. आमच्या आज्जीपासून सगळे भांडी अशीच घेतात.

भट्टीवाला (उद्यमबाग)
निपाणीकर, भांड्यांना ठीक आहे, चाकवाला नेमकं उलटं. डब्या-ताटांचं ३०४ स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही, पण ते भट्टीत तापवून कडकही करता येत नाही. चाकवाचं स्टेनलेस मार्टेन्सिटिक, म्हणजे भट्टीत कडक होणारं असतं, ते चुंबकाला चिकटणारच. ज्या पात्याला चुंबक चिकटत नाही त्यानं लोणी कापा.

पण चुंबकाचा एक उपयोग आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या नेहमीच्या लाल चाकूत पात्यांच्या मधले लायनर ॲल्युमिनियमचे असतात, पाती आणि स्प्रिंगा पोलादाच्या. नकला करणारे बरेचदा लायनरलाही लोखंडी पत्राच वापरतात. बारीक चुंबक कडेनं फिरवून बघा. लायनरवरही चिकटला तर काय ते समजा. आमच्या पोराच्या चाकवाला सगळीकडे चिकटला. मग टेस्टरवर ठेवला. हिऱ्याचा कोन १५० किलोच्या दाबानं पात्याच्या बुडाशी टेकवला, टाचणीएवढा खड्डा पडला, आणि आकडा पन्नाशीच्या जवळसुद्धा आला नाही. आता चिडवायचं बंद केलंय, बिचारा आधीच हिरमुसलाय.

दुकानदार (गणपत गल्ली)
म्हणजे नकली देश, नकली पोलाद. मी तेच सांगूलालो!

रानवाला (खानापूर)
दुकानदार, यात तुमचं काही सिद्ध झालं नाही. मी जांबोटी-कणकुंबीकडं रानात फिरतो, चाकू रोज लागतो. माझ्याकडं फ्रान्सचा ओपिनेल आहे. १८९० पासूनचं घराणं, पात्यावर मुकुट घातलेला हात, सगळं अस्सल. पण त्याच्या स्टेनलेस पात्याचं पोलाद स्वीडनच्या सँडविकचं. मग तो फ्रेंच की स्वीडिश? आणि अस्सल असून आमच्या पावसात काय होतं? मूठ बीच लाकडाची, आषाढात पाणी पिऊन फुगते आणि पातं आत अडकून बसतं. नखानं निघत नाही. मूठ दगडावर ठोकून पातं बाहेर काढायचं. कार्बन पात्याचा घेतला असता तर गंज वेगळाच. दोष चाकवाचा नाही, आल्प्सच्या पायथ्याच्या लोकांनी तो आपल्या पावसासाठी बनवलाच नाही.

दुसरा स्पायडर्कोचा. कंपनी अमेरिकेची, पण काही मॉडेल कोलोरॅडोत, काही जपानच्या सेकीत, काही तैवानच्या ताइचुंगमध्ये, काही चायनात बनतात, आणि ते पात्यावर उघड लिहिलेलं असतं. तैवानवाल्याचं फिनिशिंग बघून अमेरिकेवाले मालक खूश असतात. आता ‘तैवान’ वाचून नाक मुरडणाऱ्याला काय म्हणायचं?

वकीलीणबाई (टिळकवाडी)
रानवाला, तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध बोलताय. स्पायडर्को तैवान असेल तर तैवान लिहितं, म्हणून तर तुमचा त्याच्यावर विश्वास आहे. प्रश्न देश चांगला की वाईट हा नाही, लिहिलेलं खरं आहे का हा आहे. जो माणूस देशाबद्दल खोटं छापतो तो पोलादाबद्दल खरं का छापेल? पोलादाचा ग्रेड म्हणून ‘४४०’ लिहिलेलं असतं, पुढचं अक्षर गायब. ४४०ए आणि ४४०सी यांच्या कार्बनमध्ये केवढा फरक आहे, ते भट्टीवाले सांगतील. नुसतं ‘सर्जिकल स्टील’ लिहिलं तर काहीच कळत नाही.

इतिहास थोडा वेगळा आहे, तोही ऐका. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का जर्मनांनी कौतुकानं मारला नव्हता. सोलिंगनचा स्वस्त माल इंग्लंडमधल्या शेफील्ड या चाकूंच्या शहराच्या नावानं विकला जातो, अशी इंग्रज कारखानदारांची ओरड होती. म्हणून १८८७ साली ब्रिटननं कायदा करून इंग्रजी नाव किंवा खूण मिरवणाऱ्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. हेतू गिऱ्हाईकाला सावध करण्याचा होता. पुढं तोच शिक्का मिरवायचा झाला. माझं मत असं की नाव लपवता येईना, म्हणून नाव सुधारावं लागलं. भट्टीवाले देशाला शून्य मार्क देतात, पण सक्ती काढली असती तर सोलिंगनवाल्यांना सुधारायची गरजच काय होती?

आणि आपल्या जिल्ह्यात बसून मूळ ठिकाणाला शून्य मार्क? कोल्हापुरी चपलेचा जीआय (मूळ ठिकाणाच्या नावाचा कायदेशीर हक्क) महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, त्यात बेळगाव आहे. अथणीच्या कारागिराची चपल कोल्हापुरीच, कारण कातडं कमावण्याची आणि शिवण्याची पद्धत ती आहे. रेक्झिनची चपल कोल्हापुरात शिवली तरी कोल्हापुरी नाही. मूळ म्हणजे नुसता नकाशा नाही, काम कसं होतं त्याचं नाव आहे. (कृपा करून आता इथं सीमाप्रश्न काढू नका.)

निपाणीकर
काढणार होतो, राहूदे.

भट्टीवाला (उद्यमबाग)
बाई, मुद्दा बिनतोड मांडलात, पण तो खरं लिहिणाऱ्यांपुरता. ६० टक्क्यांचा नियम स्विस कारखानदाराला लागू. नकली चाकू करणाऱ्याला स्विस कायदा कुठं पोचतो? नियम प्रामाणिक माणसाला बांधतो, आणि त्याच्याबद्दल मला शंका नव्हतीच. लाग्योलचं बघा. फ्रान्समधलं गाव, चाकवाच्या पाठीवर माशीचं चिन्ह. त्या नावाचे चाकू चायनातही बनतात, पाकिस्तानातही, आणि फ्रान्समध्येसुद्धा मुख्यतः तियेर गावात. नाव वाचून काय कळलं? शेवटी हातात घेऊनच बघायचं ना?

४४०चं म्हणाल तर ए मध्ये कार्बन ०.६० ते ०.७५ टक्के, सी मध्ये ०.९५ ते १.२०. पण सी लिहिलंय म्हणून सी आहे, हे कोण सांगणार?

सुभेदार (कॅम्प, निवृत्त)
आमच्या वडिलांचा फौजेतला जॅकनाइफ अजून घरी आहे. शेफील्डचा, पात्याच्या बुडाशी सरकारी बाणाची खूण. डबा फोडायचं हत्यार, दोरीच्या गाठी सोडवायची सळई. कार्बन स्टील, काळा पडलाय, तेल लावून ठेवतो. दगडावर चार हात मारले की धार परत. तुमच्या स्टेनलेसला पाजळायला निम्मा दिवस जातो. बाकी चालू द्या.

शहापूरची सून
मला एक सांगा, घरात आंबा कापायला विळी आहे. तीन-चार हजारांचा चाकू नेमकं काय जास्त कापतो? आमच्या ह्यांनी मागवलाय, खोकं अजून फोडलेलं नाही. परत करता येतो तोवर विचारून घेते.

दुकानदार (गणपत गल्ली)
वहिनी, खोकं फोडू नका, आधी लेबल वाचा! आयातदाराचा पत्ता असेल तर ठेवा. विळी खिशात घालून फिरता येत नाही, एवढाच फरक.

शहापूरची सून
पत्ता आहे. पण ऑर्डरच्या पानावर ‘दमास्कस, जपान’ लिहिलंय आणि लेबलवर मूळ देश चीन.

वकीलीणबाई (टिळकवाडी)
झालं तर. दोन ठिकाणी दोन देश. पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, मग परत करा. नुसतं ‘नको’ म्हणू नका, ‘वर्णन खोटं’ हे कारण लिहा.

भट्टीवाला (उद्यमबाग)
थांबा, दमास्कस, म्हणजे थरांच्या पोलादाचं नक्षीवालं पातं, म्हणताय तर परत करायच्या आधी एकदा आणा, न घासता बघून देतो. नक्षी पात्याच्या पाठीवरून दोन्ही बाजूंना सलग उतरते का, ते भिंगातून दिसतं. खऱ्या पात्यात दोन पोलादांचे थर असतात. नक्षी पॉलिश पेपरनं घासून काढली तरी फेरिक क्लोराइडमध्ये बुडवली की परत उमटते. लेझरनं किंवा छापून काढलेली एकदा गेली की गेली.

रानवाला (खानापूर)
बऱ्याच जणांना माहीत नसेल म्हणून सांगतो, स्वस्तातलं दमास्कस पाकिस्तानच्या वझीराबादेत ढिगानं बनतं. काही काही खरंच थरांचं असतं, कारागीर वाईट नाहीत. पण मे २०२५ पासून पाकिस्तानचा माल आणायलाच बंदी आहे, तिसऱ्या देशातून फिरवून आणायलासुद्धा. म्हणजे तो माल इथं दिसलाच तर त्यावर पाकिस्तान सोडून कुठलंही नाव असणार. अशा चाकवाला देशाचं नाव विचारून उपयोग काय?

दुकानदार (गणपत गल्ली)
उपयोग हाच की तो घ्यायचा नाही! तुम्ही पुन्हा माझ्याच दुकानात आलात.

भट्टीवाला (उद्यमबाग)
तुमच्या दुकानातलेच दोन चाकू आणा, लेबल झाकून. टेस्टर शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो.

दुकानदार (गणपत गल्ली)
आणतो. पण पात्यावर खड्डा पडला की तो चाकू तुम्ही एमआरपीला घ्यायचा, हे आधीच सांगून ठेवतो.