रनिंग बॅकमध्ये वेगाशिवाय कोच काय बघतात?

प्रश्न:
मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू. शंभर मीटर १०.९ सेकंदांत धावतो. मोकळं मैदान मिळालं की मागून कुणी त्याला गाठत नाही. मी क्रिकेटवर वाढलेला. कॉलेजचे कोच आणखी काय बघतात?

उत्तर १:
मी सहा वर्षं हायस्कूलच्या बॅक्सना शिकवतोय. शंभर मीटरची वेळ नक्की कळवा. ४० यार्ड धावण्याची वेळ बरेचदा हातातल्या स्टॉपवॉचवर घेतात, ती खऱ्यापेक्षा कमीच भरते. पण माझी नजर आधी पायांवर जाते. हँडऑफ मिळाल्यावर, म्हणजे चेंडू हातात आल्यावर, तो ब्लॉकची (साथीदार समोरच्यांना अडवून वाट मोकळी करतात त्याची) वाट बघतो का? फट दिसताच एका पावलात दिशा बदलून पूर्ण वेग पकडतो का? वेगवान मुलं घाईत बाहेरच्या बाजूला पळतात. शाळेत ते खपतं, कॉलेजचे लाइनबॅकर (बचावाच्या दुसऱ्या फळीतले खेळाडू) तिथे आधीच पोचलेले असतात. रनिंग बॅक एमिट स्मिथ काही सर्वांत वेगवान नव्हता, तरी एनएफएलमध्ये (अमेरिकेची व्यावसायिक फुटबॉल लीग) धावून सर्वाधिक, १८,३५५ यार्ड त्याच्याच नावावर आहेत. नजर आणि तोल!

उत्तर २:
पास झेलतो का? आणि क्वार्टरबॅकवर (पास फेकणाऱ्या साथीदारावर) कुणी धावून आला तर त्याला अंगावर घेऊन अडवतो का? कोचना पाठवाल त्या व्हिडिओत तेही दाखवा. नुसते टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) नकोत.

प्रश्नकर्ता:
झेलतो छान. अडवताना मात्र खांदा टाकतो, हात वापरत नाही.

उत्तर १:
हे शिकवता येतं. वेग शिकवणं फार अवघड, आणि तो त्याच्याकडे आहे. उन्हाळ्यात रोज वीस मिनिटं फक्त हातांचा सराव द्या.