स्तनाच्या कर्करोगानंतर मन खरोखर वाढते, की ती आपणच घातलेली समजूत असते?

बकुळ:
माझी शस्त्रक्रिया, केमो आणि रेडिएशन संपून वर्ष उलटले आहे आणि कर्करोग परतू नये म्हणून देतात ती टॅमॉक्सिफेनची गोळी चालू आहे. ‘आजाराने तुला किती खंबीर केले’ असे नातेवाईक म्हणाले की मला राग येतो, कारण तपासणीची तारीख जवळ आली की अजूनही माझी झोप उडते. तरीही काहीतरी बदलले आहे. इतकी वर्षे गणपतीत सगळ्यांचे मोदक मीच वळत असे. यंदा मात्र ‘विकतचे आणू या’ असे मी सासूबाईंना सरळ सांगितले आणि मला अपराधी वाटले नाही. भीती आणि हा मोकळेपणा एकत्र कसे नांदतात?

मनोवेध (समुपदेशक):
बकुळताई, ते एकत्र नांदू शकतात. टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९६ साली आघातानंतरची वाढ मोजण्यासाठी २१ विधानांची प्रश्नावली प्रसिद्ध केली. नात्यांतील जवळीक, नव्या शक्यता, स्वतःच्या बळाची जाणीव, आध्यात्मिक बदल आणि जगण्याविषयीची कृतज्ञता या पाच अंगांनी ती विचारणा करते. ही वाढ आजार देत नाही, तर आजाराने मोडलेल्या गृहीतकांची नव्याने मांडणी करताना जी झुंज द्यावी लागते तिच्यातून ती येते, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यामुळे दुःख संपल्यावरच वाढ सुरू होते असे नाही. नातेवाईक नेमके इथे चुकतात आणि श्रेय आजाराला देऊन टाकतात. झोपेविषयी मात्र डॉक्टरांशी बोला, कारण टॅमॉक्सिफेनमुळे रात्री अंगातून वाफा येऊनही झोपमोड होते.

तिरकस:
एक शंका मांडतो. प्रश्नावलीत माणूस आपल्या जुन्या स्वभावाची आठवण काढून ‘मी बदललो’ असे सांगतो, आणि आठवण ही काही भरवशाची साक्षीदार नव्हे. अर्थात समजूत असली तरी ती टाकाऊ ठरत नाही: मानसशास्त्रज्ञ शेली टेलर यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या स्त्रियांशी बोलून १९८३ साली असे मांडले होते की, वास्तवापेक्षा थोड्या उजळ अशा धारणाही माणसाला सावरायला मदत करतात. माझा आक्षेप आहे तो या वाढीची रुग्णाकडून अपेक्षा करण्याला.

अबोली:
माझ्यात अशी काही वाढ झाली नाही. मी पूर्वीइतकीच चिडकी आहे, शिवाय डावा हात सुजतो म्हणून दिवसभर घट्ट बाही घालावी लागते. त्यामुळे आपण कुठे कमी पडलो, असे मला काही काळ वाटत असे. आमच्या आधारगटात नव्याने आलेल्या बाईला ‘यातून काय शिकलात’ असे विचारायचे नाही, असे आम्ही ठरवून टाकले आहे. तिला त्या वेळी जखमेतले पाणी काढणारी ड्रेनची नळी कधी काढतात आणि हात खांद्याच्या वर नेण्याचा व्यायाम कधी सुरू करायचा, एवढेच जाणून घ्यायचे असते.