मदत हवी आहे: लेकीचं सगळं नवऱ्याबरोबर वाटून कसं घ्यायचं?

मला गरोदरपणाचा २६वा आठवडा चालू आहे. वार (प्लासेंटा) खाली आहे, मध्ये एकदा रक्तस्राव झाला, त्यामुळे वजन उचलायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. पण अडीच वर्षांच्या लेकीला हे कोण समजावणार? दोन्ही हात वर करून समोर उभी राहते नुसती.

नवरा वाईट नाही हो. संध्याकाळी आला की तिची आंघोळ, भरवणं करतो. पण प्रत्येक गोष्ट आठवण करून द्यायची मी: डायपर संपलेत, नखं वाढलीत, उद्या डोस आहे. पडल्या पडल्या मी मॅनेजरच! रात्री ती उठली की तिला आईच हवी, मग हा कूस बदलून झोपतो. बोललं तर म्हणतो, "अगं, मी पण दमतो." खरंच दमतो, म्हणून भांडताही येत नाही.

ज्यांनी असे दिवस काढलेत त्यांनी सांगा, रात्रीचं काय ठरवलंत? लक्षात ठेवण्याचं कामही त्याच्यावर कसं सोपवलंत? आणि बाबाजवळ झोपायची सवय किती दिवसांत लागली? "गोड बोलून करून घे" एवढं मात्र सांगू नका, ते सासूबाईंनी आधीच सांगितलंय.