खराब झालेले खूर नाल काढून, थोडं थोडं साळून आणि चालवून बरे होतात का? माझं मत: होतात, पण घाई केली की वाट लागते

टापटाप (धागा सुरू करणारी)

आधीच सांगते मी डॉक्टर नाही, नालबंदही नाही. माझी १४ वर्षांची घोडी आहे, तिच्या पुढच्या दोन्ही खुरांची गेली काही वर्षं हळूहळू दुर्दशा होत गेली आणि ती मला दिसली नाही ही चूक माझीच. टो, म्हणजे खुराचं पुढचं टोक, लांब होत पुढे पळालेला, टाचा चेपून आत दुमडलेल्या, भिंत, म्हणजे खुराचं बाहेरचं कडक कवच, खाली पसरट होऊन बाजूने चिरा, आणि तळव्याच्या मधला तो त्रिकोणी रबरासारखा भाग, फ्रॉग, अगदी वाळलेल्या सालीसारखा झालेला, मधल्या खाचेत कापूस घातला तर घाण वास यायचा म्हणजे थ्रश, फ्रॉग कुजवणारा संसर्ग. प्रत्येक वेळी नाल बदलताना खिळ्यांची भोकं आणखी मोडायची आणि मग पुढचा खिळा ठोकायला जागाच उरायची नाही.

सात महिन्यांपूर्वी नाल काढली. पहिले तीन आठवडे फक्त मऊ जमिनीवर ठेवली, हूफ बूट घालून दिवसातून दोनदा दहा दहा मिनिटं हातात धरून सरळ रेषेत चालवली, गोल नाही. दर चार आठवड्यांनी साळणी, पण तळव्याला सुरी अजिबात लावायची नाही, टो मागे घ्यायचा तो समोरून बाहेरून कानस मारून. आता खुराच्या वरच्या कडेला, जिथे केस संपतात तिथून उतरणारी नवी भिंत जुन्यापेक्षा सरळ उभ्या कोनात येतेय, दोन्हींच्या मधे स्पष्ट मोड दिसतो. फ्रॉग रुंद झालाय. आणि मला सगळ्यात जास्त आनंद झाला तो मोबाईलवर स्लो मोशनमधे व्हिडिओ घेतला तेव्हा, आधी ती टो आधी टेकवायची, आता टाच आधी टेकते.

माझं म्हणणं एवढंच की खूर म्हणजे लाकडाचा ठोकळा नाही, वजन पडलं की मागून फाकतो, उचलला की आवळतो, त्यातून रक्त खेळतं, आणि आतली टाचेची गादी वापराने घट्ट होते. नाल ठोकून आणि तबेल्यात उभं करून खूर "सुधारता" येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

नालवाला

ताई, तुमच्या घोडीचं चांगलं चाललंय हे वाचून बरं वाटलं, आणि तळव्याला सुरी लावली नाही हे तर फारच बरं केलंत. पण नालीला खलनायक केलंत ते पटलं नाही. तुम्ही जे वर्णन केलंय ना, लांब टो, चेपलेली टाच, ते नालीमुळे झालेलं नाही. साळणी उशिरा झाल्यामुळे झालंय. खूर महिन्याला ६ ते १० मिलीमीटर वाढतो. नाल आहे म्हणजे झिजत नाही, मग दहा दहा आठवडे तीच नाल ठेवली की टो पुढे जाणारच आणि त्याच्याबरोबर नालही पुढे जाते, टाचेखाली आधारच राहत नाही. सहा आठवड्यांनी व्यवस्थित साळून, मागे आधार देऊन नाल बसवली असती तर हे झालं नसतं. दोष कामाचा आहे, लोखंडाचा नाही.

दुसरं, टाचा. चेपलेली टाच बघितली की लोकांना वाटतं खाली घ्यावी म्हणजे फ्रॉग जमिनीला लागेल. एकदम खाली घेतली तर खुरातल्या हाडाला मागून ओढणारी जी जाड शीर आहे, डीप फ्लेक्सर टेंडन, तिच्यावर ताण वाढतो. ज्या घोड्याचं ते हाड आधीच सुटं झालंय त्याला हे म्हणजे जखमेवर मीठ. लॅमिनायटिसमधे, म्हणजे हाडाला भिंतीशी धरणारे पदर सुजतात त्या आजारात, तर आम्ही टाच उलट वर उचलतो, वेज म्हणजे पाचर लावतो, तो ताण कमी व्हावा म्हणून. बारीक तळव्याच्या, खडकाळ जागी काम करणाऱ्या घोड्याला नुसत्या पायावर ठेवून "सवय होईल" म्हणणं मला क्रूरपणा वाटतो. सवय होईपर्यंतचं दुखणं त्याचं, आपलं नाही.

रानवारा

नालवाला दादा, रानातल्या घोड्यांना कोण नाल ठोकतं सांगा? ऑस्ट्रेलियातले ब्रम्बी दिवसाला सरासरी १६ किलोमीटरच्या आसपास चालतात, दगडधोंड्यातून, आणि खूर आपोआप झिजून गोल होतात. निसर्गाने जे दिलंय ते आपण खिळे ठोकून बिघडवतो. आणि हे नवीन नाही, झेनोफन या ग्रीक लेखकाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात लिहून ठेवलंय की घोड्याच्या खरारा करायच्या जागी गोल दगड पसरा, तो त्यावर उभा राहून, पाय आपटून खूर कणखर करेल. नाल नव्हती तेव्हाही लोक लढायांना जातच होते की.

अश्ववैद्यक_वाचक

रानवारा, ब्रम्बीचं उदाहरण तुम्ही दिलंत म्हणून सांगतो, त्याच ब्रम्बींवर क्वीन्सलँड विद्यापीठात ख्रिस पोलिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच काम केलंय, आणि निष्कर्ष तुम्हाला आवडेल असा नाही. कडक जमिनीवर दूरदूर चालणाऱ्या कळपांतही लॅमिनायटिसच्या खुणा सापडल्या. न्यूझीलंडच्या कायमानावा घोड्यांचे खूर तपासले तर त्यातही बऱ्याच जणांत दोष निघाले. म्हणजे रान म्हणजे आदर्श खूर असं काही नाही. शिवाय रानात लंगडणारा घोडा मागे पडतो आणि आपल्याला दिसतच नाही, आपण फक्त टिकलेल्यांचे खूर बघतो.

झेनोफनचा मुद्दा मात्र मान्य. पण तो निरोगी खुराबद्दल बोलतोय, बिघडलेल्या नाही.

मूळ प्रश्नावर माझं मत असं की "साळणी आणि चालणं" हा उपचार कुठल्या आजाराला लावताय ते आधी ठरवा. नुसता लांब टो, चेपलेली टाच, थ्रश, पसरलेली भिंत असेल तर टापटाप म्हणतायत ते बरोबर, चालणं औषधच आहे. भिंत आणि तळवा जुळतात तिथल्या पांढऱ्या रेघेत पोकळी करत जाणारा व्हाइट लाइन डिसीज असेल तर सुटी झालेली भिंत उघडून हवा लागू द्यावी लागते, ते कितपत उघडायचं हे जाणत्या माणसानेच ठरवावं. आणि लॅमिनायटिस चालू असेल, म्हणजे खूर गरम, घोट्यापाशी नाडी जोरात उडतेय, घोडा मागच्या पायांवर भार टाकून पुढचे पाय लांब करून उभा आहे, तर चालवणं बंद. एकदम बंद. कारण त्या वेळी हाडाला भिंतीशी धरून ठेवणारे पदर फाटत असतात, प्रत्येक पावलाला आणखी फाटतात. मऊ खोल बिछाना, अगदी सुरुवातीला बर्फात पाय, आणि डॉक्टर. वेदनाशामक बंद केल्यावरही तो आरामात उभा राहिला, चालला, मगच पुढचं.

हळवा_स्वार

हे वाचून हात थरथरला माझा. आमच्या घोड्याच्या बाबतीत नेमकं हेच झालं. खूर साळायला जे आले होते त्यांनी सांगितलं "रक्त फिरायला हवं, चालवा, दुखतंय ते बरं होण्याचं दुखणं आहे" आणि आम्ही रोज अर्धा तास चालवला, तो पाऊल टाकायला कुरकुरायचा, घामाने भिजायचा, आम्ही त्याला हट्टी समजलो. तळवाही खूप कोरला होता, अंगठ्याने दाबला तर आत जायचा. नंतर एक्स-रे काढला तेव्हा हाड फिरलेलं आणि खाली आलेलं, तळवा अगदीच पातळ. त्याला वाचवू शकलो नाही. मी कुणाचं नाव घेणार नाही पण "बरं होण्याचं दुखणं" हे शब्द कुणी वापरले की तिथून घोडा घेऊन निघा एवढंच सांगेन.

टापटाप

@हळवा_स्वार खूप वाईट वाटलं. मी धाग्यात लिहायला हवं होतं ते लिहिलं नाही, माझ्या घोडीला दुखत असेल तर मी चालवतच नाही. माझा नियम असा की ती निघताना कशी होती त्यापेक्षा परतताना वाईट चालत असेल तर जास्त झालं, दुसऱ्या दिवशी सुट्टी आणि मग निम्मी वेळ. बूट न घालता मारलेली पहिली फेरी फक्त सपाट मातीवर पाच मिनिटं होती. सातव्या महिन्यात आत्ता कुठे आम्ही ४० मिनिटांवर आलोय, तेही चालीतच, दुडकी अजून नाही.

@नालवाला उशिरा साळणीचं मान्य, आमच्याकडे खरंच नऊ दहा आठवडे जायचे. पण मग एक सांगा, नाल असताना टाचेची आतली गादी कशी सुधारते? तुम्ही आधार द्याल, कोन नीट कराल, पण ती गादी दाब आणि हालचालीनेच वाढते ना?

नालवाला

प्रश्न रास्त आहे. नाल असताना फ्रॉगला दाब कमी मिळतो हे खरं, म्हणूनच गरज असेल तिथे आम्ही मधे पट्टी असलेली नाल किंवा खाली भरणा घालून पॅड लावतो. पण नुसत्या पायाइतकं नाही, हे मी मान्य करतो. माझंही मत असं की ज्याला जमेल त्याने वर्षातले काही महिने नाल काढून ठेवावी. माझा आक्षेप "काढा म्हणजे सगळं बरं होतं" याला आहे. काही घोड्यांना वर्षभर नाल लागते, काहींना सहा महिने लावून तळवा जाड झाला की काढता येते, आणि काहींना कायमची. त्यात हार-जीत काही नाही. घोडा आरामात चालतोय की नाही तेवढं बघायचं.

कानस

एक अनुभवाचं सांगते. सगळे कोनावर भांडतात, पण बहुतेक नुकसान होतं ते एकाच दिवसात खूर "देखणा" करायच्या नादात. वाढलेला टो वर्षानुवर्षं पुढे गेलेला असतो, तो एका बैठकीत मागे आणायला गेलं की आतलं सगळं दुखतं. मी दर तीन आठवड्यांनी हात फिरवते, कधी कधी फक्त दहा वेळा कानस. समोर कडेला गोलाई दिली की पाऊल उचलताना टो लवकर सुटतो, त्याने भिंतीवरची ओढ कमी होते आणि वरून येणारी वाढ घट्ट चिकटून उतरते. बाकी काम वेळेचं आहे. टोपर्यंत नवी भिंत यायला ९ ते १२ महिने लागतात, टाच आधी येते कारण ती ठेंगणी. म्हणून दोन महिन्यांत फरक दिसला नाही म्हणून पद्धत बदलत बसू नका.

आणि फोटो काढा. जमिनीच्या उंचीवरून, बाजूने, समोरून, तळव्याचा, दर वेळी त्याच अंतरावरून. आठवण फसवते.

गवताची_काडी

खाण्याबद्दल कोणीच बोलेना. साळणी कितीही चांगली करा, रक्तातलं इन्सुलिन चढलेलं असेल तर नवी भिंत उतरता उतरता पुन्हा सुटते. लॅमिनायटिसच्या बहुतेक केसेसच्या मागे आज हेच कारण असतं. जाड मान, पाठीवर चरबीची घडी, भरपूर कोवळं गवत, दाणा, गूळ... आधी ते आवरा. वयस्क घोड्याच्या अंगावरचे लांब केस उन्हाळ्यात गळत नसतील तर कुशिंग्ज या हार्मोनच्या आजाराची तपासणी करून घ्या. बायोटिन हे जीवनसत्त्व दिवसाला २० मिलीग्रॅमच्या आसपास देतात, पण ते फक्त नव्या वाढीत दिसतं, फुटलेली जुनी भिंत त्याने जुळत नाही.

रानवारा

@अश्ववैद्यक_वाचक कायमानावाचं मला माहीत नव्हतं. रानातला घोडा निर्दोष, हा माझा मुद्दा मागे घेतो. पण हालचाल हवी हा मुद्दा सोडत नाही. २२ तास खोपटात उभा आणि दोन तास काम, यात कुठलाच खूर सुधारत नाही, नाल असो वा नसो. निदान चारा एका टोकाला, पाणी दुसऱ्या टोकाला ठेवा, स्वतःच्या पायाने, स्वतःच्या मर्जीने चालेल.

अश्ववैद्यक_वाचक

हे शंभर टक्के. मर्जीने चाललेलं एक पाऊल दोरीने ओढलेल्या दहांपेक्षा बरं, कारण दुखलं की तो आपणच थांबतो.

टापटाप, तुम्हाला एकच विचारतो, एक्स-रे काढलाय का? बाजूने एक जरी काढला, भिंतीवर तारेची खूण चिकटवून, तरी हाड भिंतीला समांतर आहे का आणि तळवा किती जाड आहे हे दोन्ही कळतं. १५ मिलीमीटरच्या आसपास असला तर निर्धास्त, १० च्या खाली असेल तर बूट इतक्यात सोडू नका, बाहेरून कितीही छान दिसला तरी.

टापटाप

नाही काढला अजून. खरं सांगायचं तर नवी वाढ इतकी छान दिसत होती की गरज वाटली नाही. हळवा_स्वार यांचं वाचल्यापासून मात्र डोक्यात तेच फिरतंय. पुढची साळणी ठरली होती ती पुढे ढकललीय, आधी दोन्ही पायांचे एक्स-रे, मग ते हातात घेऊन साळणी. तोवर टाचेला कानस लावत नाही, आणि खडीच्या रस्त्यावर बूट पुन्हा घातलेत. आज सकाळी घालताना तिने पाय स्वतःहून उचलून दिला.